मागचं डावं

विश्रामबागेतल्या कॉम्प्युटरवाल्याने तीनदा पैसे घेतले.
तिन्ही वेळा पडद्यावर पुढची चाकं हिरवी,
तिन्ही वेळा घरी येताना गाडी सरळ
आणि स्टिअरिंग डावीकडे कललेलं.
नव्व्याण्णवची एस्टीम. वय झालं म्हणून सोडून दिलं असतं,
पण नवा टायर पाच हजार किलोमीटरात आतून सोलून निघाला
तेव्हा मिरजेला दस्तगीरकडे गेलो.

त्याने बॉनेट उघडलंच नाही.
मागे जाऊन उकिडवा बसला, डाव्या टायरवर पंजा फिरवला,
आतून बाहेर, मग बाहेरून आत.
"तुमी बघा." मी हात लावला.
एकीकडून मऊ, दुसरीकडून करवत.
"पुढचं न्हाईच हे. गाडी खेकड्यागत चाललीया."

फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं, कुठे पळतं ते पाहिलं,
एका चाकाखाली पत्र्याचा तुकडा सरकवला.
गाडी पुढे-मागे ढकलून तिच्या जागी बसू दिली.
मग दोन्ही अंगांना लोखंडी घोडे, त्यांना तारा,
चाकाच्या मध्याच्या उंचीवर.
सुतळी वाऱ्याने हलते, नायलॉन लोंबतं;
ही तार सतारमेकर गल्लीतली, उरलेली.
त्याने एक बोटाने छेडली, कान दिला, दुसरी छेडली,
आणि दुसरीला अर्धा आटा दिला.

पट्टी स्टीलची, शून्याकडचा कोपरा झिजलेला,
म्हणून तो दहापासून मोजायचा.
उजवं चाक : पुढे पासष्ट, मागे चौसष्ट. "एवढं लागतंच."
डावं : पुढे एकसष्ट, मागे अडुसष्ट.
हाताखालचा पोरगा टायरवरच खडूने आकडे लिहीत होता.
"सात," तो म्हणाला.
"रिम वाकडी असंल. अर्धा फेरा फिरीव, परत मोज."
सातच.

मग दस्तगीर खाली शिरला. बॅटरीचा उजेड इकडून तिकडे.
आतून आवाज आला :
"आर्म वाकलाय. जुना मार हाय, वाकात गंज बघा किती.
धा वर्सं तरी झाली. मागनं दगड लागला असंल."
मी म्हणालो, आठवत नाही.

आठवत होतं.
भिलवडीचं लग्न, रात्र, नांद्रेच्या अलीकडे चुकीचा फाटा.
रिव्हर्स घेताना मोरीचा दगड.
त्रिशला शेजारी झोपली होती, डोकं काचेला.
"काय झालं?"
"खड्डा."
ती परत झोपली.

त्यानंतर अकरा वर्षं, ती चालवायची तेव्हा मी म्हणायचो,
तू उजवीकडे घेतेस, तुझ्या हातातच आहे ते.
एकदा तर तिच्या भावासमोर.
ती काही बोलायची नाही, हात घट्ट करायची.

आज ती गॅरेजच्या दारात, तारांना धक्का न लागेल अशी,
पदर सावरून, खडूचे आकडे वाचत होती.

दुसरा आर्म कोल्हापूरच्या जुन्या बाजारातून आला, दोन दिवसांनी.
बोल्ट तापवून काढावा लागला.
पुन्हा तार, पुन्हा पट्टी. पासष्ट, चौसष्ट.
पुढच्या चाकांना त्याने सगळ्यात शेवटी हात लावला.

कुपवाडवरून माधवनगरला परतताना तीच चालवत होती.
स्टिअरिंगवरचं चिन्ह बरोबर मध्ये यायचं
आणि तिच्या हाताखाली पुन्हा जरासं डावीकडे.
गाडी साइडपट्टीला लागायची, ती ओढून घ्यायची, परत लागायची.
"आता या बाजूला जातेय," ती म्हणाली.
"माझ्या हातातच असेल."

मी तिच्या मनगटांकडे पाहिलं.
ती अजून तो दगड सावरत होती.

खड्डा नव्हता तो, मी म्हणालो.

तिने आरशात पाहिलं. मागून तासगावची एस्टी हॉर्न देत आली,
तिला जाऊ दिलं, धूळ बसू दिली,
मग म्हणाली,
"कुठला?"